येतं, येत नाही

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली.
डावीकडे लिहिलं: येतं.
उजवीकडे: येत नाही.
धनकवडीतल्या खोलीत रात्रीचे पावणेदोन,
मशीन एक फ्रेम शिजवतंय, अकरा मिनिटं झाली,
पंखा असा गुरगुरतोय की खालचे शिरोळे
उद्या पुन्हा विचारणार, "गिरण टाकली का हो?"

येतं: सॉफ्टवेअर.
ते आता सगळ्यांनाच येतं. खोडलं.

येत नाही: थांबणं.
स्वयंपाकघराचा साधा सीन, दुपारचे चार,
ओट्यावर पातेलं, एक खिडकी.
मी दिवे लावले नऊ.
एक खिडकीतून, एक खिडकीच्या मदतीला,
एक पातेल्याच्या कडेसाठी,
एक त्या कडेने केलेली चूक झाकायला.
सगळं लख्ख दिसत होतं
आणि चार वाजलेले नव्हते.

बाणेरच्या स्टुडिओत गांधाली तोरण्यांनी
माझी रील दोनदा पाहिली, आवाज बंद करून.
म्हणाल्या, "दिवे छान लावतोस.
बघतोस का कधी?"
लिफ्ट सोडून जिन्याने उतरलो, सहा मजले.
राग तिसऱ्या मजल्यावर संपला,
प्रश्न मात्र खाली पार्किंगपर्यंत आला.

म्हणून टेबल टेनिसचा चेंडू घेतला,
बोहरी आळीतून राखाडी रंग,
आणि घरातला स्टीलचा डाव,
ज्याच्या पाठीत सगळा रस्ता वाकून मावतो.
दोन्ही धरून स्वारगेटच्या सिग्नलला उभा राहिलो,
संध्याकाळी सहा दहाला.
रिक्षावाल्याने मान बाहेर काढली, "कसला उतारा?"
म्हटलं, उजेड मोजतोय.
"मोजा की. मीटरने मोजा, भांडण नको."
चेंडूच्या वरच्या गालावर आभाळ होतं,
खालून बसचा लाल,
आणि मध्ये, जिथे मी नेहमी काळं भरतो,
तिथे काळं नव्हतंच.
जांभळाचा डाग धुतल्यावर उरतो,
तसं काहीतरी.

अनुभव: इथे काय लिहू?
लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये सात वर्षं,
तागे उतरव, फॉल दाखव, अस्तर, टू बाय टू रुबिया,
हे रीलमध्ये कुठे बसवायचं?
कटारिया शेठ म्हणायचे,
"ट्यूबखाली रंग खोटं बोलतो. गिऱ्हाइकाला दारात ने."
नेत होतो. एका हातात पदर, दुसऱ्यात कापड,
उंबऱ्यापलीकडे एक पाऊल.
तिथे चिंतामणी निळ्याकडे सरकायचा,
आमसुलीतलं तांबडं कबुलीजबाब द्यायचं.

फक्त एकदा एक बाई दारात आल्याच नाहीत.
"मी काय रस्त्यावर नेसणारे?
डोहाळजेवण घरात आहे,
आमच्या हॉलला पिवळा बल्ब आहे,
त्यात दाखव."
मी शेठकडे बघितलं.
शेठनी काही न बोलता माळ्यावरून साठचा बल्ब काढला,
पुसला, होल्डरला लावला,
ट्यूब बंद केली.
दुकानभर कापडं एकदम घरी आल्यासारखी झाली.
बाईंनी तिसरं कापड उचललं. मी पाचवं उचललं असतं.
त्यांचं बरोबर होतं.

येत नाही: इंग्रजीत फोनवर बोलणं.
येत नाही: चौतिसाव्या वर्षी
तेविशीतल्या मुलाला "सर, जरा बघता का" म्हणणं.
म्हणजे म्हणतो, पण घसा खाकरून.
येतं: बत्तीस निळ्यांतून हवा तो निळा काढणं.
येतं: दारापर्यंत जाणं.
दारातून परत आत येणं,
हे येतं का, माहीत नाही.

फ्रेम झाली. वाईट नाही. खोटी आहे.
एकेक दिवा बंद करत गेलो.
पातेल्याची कड गेली. जाऊ दे.
डब्यांची रांग गेली, अंधारात असतातच डबे.
आठ घालवले, एक राहिला,
खिडकीतला, तोही थोडा खाली ओढला.
चार नाही, पण साडेतीन वाजल्यासारखे वाटले.

हे कुठल्या बाजूला लिहावं कळेना,
रेघेवरच लिहिलं.
पुन्हा रेंडर टाकला.
या वेळी चार मिनिटंच दाखवतोय.
शिरोळ्यांना आज जरा झोप.